माणसांच्या वृत्तीबद्दल इंग्रजीत लिहिताना कोणता शब्द कोणाबरोबर? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मराठीत ‘कट्टर विरोधक’, ‘गाढ श्रद्धा’, ‘नितांत आदर’ हे शब्द आपोआप जोडीने येतात. ‘गाढ विरोधक’ किंवा ‘कट्टर आदर’ असं कोणी म्हणत नाही आणि का म्हणत नाही हे शाळेत कोणी शिकवलेलंही नसतं. इंग्रजीतल्या अशाच जोड्यांबद्दल, त्यातही माणसाचा स्वभाव, मत, राग-लोभ सांगणाऱ्या जोड्यांबद्दल हे प्रश्न आहेत. इंग्रजी शब्द सगळीकडे उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिले आहेत.

कोलोकेशन म्हणजे नक्की काय? व्याकरणाचा नियम की नुसती सवय?

सवयच, पण सगळ्या भाषकांची मिळून असलेली. ‘डीपली सस्पिशस’ आणि ‘स्ट्राँगली सस्पिशस’ ही दोन्ही व्याकरणात बसतात. पहिलं इंग्रजी माणूस लिहितो, दुसरं वाचताना तो किंचित अडखळतो. अशा नेहमीच्या जोडीला कोलोकेशन म्हणतात. ही संज्ञा भाषाशास्त्रात रुजवली ती ब्रिटिश भाषाशास्त्रज्ञ जे. आर. फर्थ यांनी. 1920च्या दशकात ते लाहोरच्या पंजाब विद्यापीठात इंग्रजीचे प्राध्यापक होते. शब्द ओळखायचा तो त्याच्या संगतीवरून, हे त्यांचं 1957 मधलं वाक्य आजही या विषयावरच्या जवळजवळ प्रत्येक व्याख्यानात येतं.

सवय असल्यामुळे ‘का?’ या प्रश्नाला बरेचदा उत्तर नसतं. काही ठिकाणी कल सापडतो, तो पुढे सांगितला आहे. बाकीचं पाठच करावं लागतं.

वृत्ती सांगणाऱ्या शब्दांतच एवढा घोळ का होतो?

कारण इथे चूक नुसती भाषेची राहत नाही. ‘डू अ मिस्टेक’ म्हटलं तर ऐकणारा मनातल्या मनात ‘मेक’ करून घेतो आणि पुढे जातो. पण सहकाऱ्याबद्दल ‘ही हॅज अ हाय ओपिनियन ऑफ हिमसेल्फ’ लिहिलंत, तर ‘त्याला आत्मविश्वास आहे’ असा अर्थ न जाता ‘स्वतःला फार शहाणा समजतो’ असा जातो. शब्दकोशात ‘हाय ओपिनियन’ म्हणजे चांगलं मत, हे खरंच आहे. त्यापुढे ‘ऑफ हिमसेल्फ’ आलं की तो टोमणा होतो. निवाडा शब्दात नसतो, तो जोडीत असतो.

‘ॲटिट्यूड’ हा शब्द नीट कसा वापरायचा?

मराठी बोलण्यात ‘त्याला फार ॲटिट्यूड आहे’ म्हणजे गुर्मी आहे. इंग्रजीतही हा अर्थ आहे, पण अनौपचारिक बोलण्यात: ‘ही’ज गॉट ॲन ॲटिट्यूड’, ‘डोन्ट गिव्ह मी ॲटिट्यूड’. दुसरं वाक्य जास्त करून अमेरिकन. आपल्याकडचं ‘शोइंग ॲटिट्यूड’ भारताबाहेरही कळेल, पण तिकडे क्रियापद बहुधा ‘गिव्ह’ किंवा ‘हॅव’ असतं. ब्रिटनमध्ये कामाच्या ठिकाणी ‘ॲटिट्यूड प्रॉब्लेम’ म्हणतात आणि ती चांगलीच गंभीर तक्रार असते.

औपचारिक लिखाणात मात्र हा शब्द तटस्थ आहे, म्हणून त्याला विशेषण हवंच. रिलॅक्स्ड, कॅज्युअल, पॉझिटिव्ह, हॉस्टाइल, पेट्रनायझिंग, डिसमिसिव्ह ही नेहमीची. ‘कॅव्हॅलिअर’ हे एक खास विशेषण आहे: दुसऱ्याच्या जिवाशी, पैशाशी किंवा नियमांशी बेफिकिरीने वागणं. ‘अ कॅव्हॅलिअर ॲटिट्यूड टू सेफ्टी’ ही जोडी बातम्यांत सतत भेटते. क्रियापदं हॅव, टेक, आणि औपचारिक असेल तर अडॉप्ट. पुढे ‘टू’ किंवा ‘टुवर्ड्स’. अमेरिकेत ‘टुवर्ड’, शेवटी एस नाही.

समाजाबद्दल बोलताना अनेकवचन करा: ‘ॲटिट्यूड्स टू मॅरेज हॅव चेंज्ड’. असे ॲटिट्यूड्स ‘हार्डन’ होतात, ‘सॉफन’ होतात, ‘शिफ्ट’ होतात आणि जुने असले की ‘डीप-रूटेड’ किंवा ‘एन्ट्रेंच्ड’ असतात.

शेजारचे शब्द मिसळू नका. ‘मेंटॅलिटी’ आपण मराठीत सरसकट वापरतो, पण इंग्रजीत तिची संगत वाईट आहे: हर्ड मेंटॅलिटी, सीज मेंटॅलिटी, व्हिक्टिम मेंटॅलिटी. कौतुक करायचं असेल तर ‘गुड मेंटॅलिटी’पेक्षा ‘माइंडसेट’ किंवा ‘आउटलुक’ बरा. ‘आउटलुक’पुढे ‘ऑन लाइफ’ येतं. एखाद्या पक्षाची किंवा नेत्याची जाहीर भूमिका असेल तर ‘स्टान्स ऑन’.

प्रत्येक ठिकाणी ‘व्हेरी’ वापरलं तर काय बिघडतं?

फार काही बिघडत नाही, आणि खात्री नसेल तेव्हा ‘व्हेरी’च वापरावं. पण ते फक्त प्रमाण सांगतं. दुसरं क्रियाविशेषण प्रमाणाबरोबर भावनेची जातही सांगतं. थोडे कल असे दिसतात.

‘डीपली’ आत मुरलेल्या भावनेला: हर्ट, ग्रेटफुल, अशेम्ड, अटॅच्ड, सस्पिशस, रिलिजस, कन्सर्न्ड. वरवरच्या किंवा क्षणिक गोष्टीला ते लागत नाही; ‘डीपली हॅपी’ दिसतं, पण ते आयुष्यभराच्या समाधानाबद्दल असतं, लाडू मिळाल्याच्या आनंदाबद्दल नाही.

‘स्ट्राँगली’ जाहीर भूमिकेला: अग्री, डिसअग्री, ऑब्जेक्ट, कन्डेम, अपोज्ड, इन फेव्हर. भावनेला नाही. ‘स्ट्राँगली सॅड’ अजिबात नाही.

‘बिटरली’ कडवटपणाला: डिसअपॉइंटेड, रिग्रेट, रिझेंट, कम्प्लेन, अपोज्ड. लक्षात घ्या, ‘स्ट्राँगली अपोज्ड’ आणि ‘बिटरली अपोज्ड’ दोन्ही बरोबर आहेत. पहिल्यात ठाम विरोध आहे, दुसऱ्यात विरोधाबरोबर मनातला विखारही. एखाद्या गावाने धरणाला केलेल्या विरोधाची बातमी लिहिताना यातलं कोणतं निवडायचं, हा भाषेचा नाही, वार्तांकनाचा प्रश्न आहे.

‘फिअर्सली’ गंमतीदार आहे. मूळ अर्थ हिंस्रपणाचा, पण संगत बरीचशी गुणांची: लॉयल, इंडिपेंडंट, प्राउड, प्रोटेक्टिव्ह, कॉम्पिटिटिव्ह. आपल्या ‘कडवा शिवप्रेमी’ मधल्या ‘कडवा’सारखंच काहीसं.

‘हायली’ मोजण्यासारख्या, बाहेरून दिसणाऱ्या गोष्टीला: मोटिव्हेटेड, रिस्पेक्टेड, क्रिटिकल, स्केप्टिकल. ‘हायली हॅपी’, ‘हायली अँग्री’ ही आपल्याकडच्या अर्जांत दिसणारी जोडी टाळा.

‘ओपनली’ लोक सहसा झाकतात अशा भावनेला: हॉस्टाइल, क्रिटिकल, कन्टेम्प्चुअस. ‘ओपनली काइंड’ विचित्र वाटतं, कारण दयाळूपणा लपवायची गरज नसते.

उलट टोकाला, भावना हलकी असेल तर ‘माइल्डली अम्यूज्ड’, ‘माइल्डली इरिटेटेड’, ‘व्हेगली अनइझी’. आणि काही जोड्या इतक्या घट्ट की फोडू नयेत: पेनफुली शाय, कॉशसली ऑप्टिमिस्टिक, ब्लिसफुली अनअवेअर, ॲक्यूटली अवेअर.

‘व्हेरी फ्युरियस’ का चालत नाही?

‘फ्युरियस’मध्ये ‘व्हेरी अँग्री’ आधीच आलं. टोकाच्या विशेषणांना (फ्युरियस, डिलाइटेड, टेरिफाइड, एक्झॉस्टेड) ‘ॲब्सोल्यूटली’ लावा, साध्यांना (अँग्री, प्लीज्ड, स्केअर्ड, टायर्ड) ‘व्हेरी’. ‘रिअली’ दोन्हीकडे चालतं.

‘अँग्री ऑन मी’ नको, मग काय? प्रिपोझिशनचा काही नियम आहे का?

मराठीत आपण कोणावर तरी रागावतो, कोणावर तरी जळतो, कोणावर तरी विश्वास ठेवतो, संशय घेतो, प्रेम करतो. या ‘वर’मुळे सगळीकडे ‘ऑन’ येतो आणि तो जवळजवळ सगळीकडे चुकतो. अँग्री विद किंवा ॲट माणसासाठी, अबाउट किंवा ओव्हर कारणासाठी. जेलस ऑफ. सस्पिशस ऑफ. फेथ इन. ‘ट्रस्ट’ क्रियापद असेल तर मध्ये काहीच नको: ‘आय ट्रस्ट हर’.

दुसरा सापळा ‘शी’चा. माझ्याशी उद्धटपणे वागला, म्हणून ‘रूड विद मी’. इंग्रजीत ‘रूड टू मी’. पण मास्तर मुलांशी कडक असतील तर मात्र ‘स्ट्रिक्ट विद द चिल्ड्रन’, आणि वेळेच्या बाबतीत कडक असतील तर ‘स्ट्रिक्ट अबाउट टाइम’.

नियम नाही, पण विशेषणांचे तीन ढोबळ गट धरता येतात. समोरच्याशी केलेलं वागणं असेल तर बहुधा ‘टू’: रूड, काइंड, क्रूएल, पोलाइट, लॉयल, हॉस्टाइल. मनात धरलेली भावना किंवा मत असेल तर बरेचदा ‘ऑफ’: प्राउड, अशेम्ड, फाँड, क्रिटिकल, टॉलरंट, एन्व्हियस. उत्साह किंवा काळजी असेल तर ‘अबाउट’: एन्थ्युझिॲस्टिक, पॅशनेट, वरीड, स्केप्टिकल. गटाबाहेरचे पाठ करा: कीन ऑन, ऑब्सेस्ड विद, इंटरेस्टेड इन, प्रेज्युडिस्ड अगेन्स्ट, इंडिफरंट टू.

आता खरी अडचण. विशेषणाचं नाम केलं की प्रिपोझिशन बदलू शकतं. ‘प्राउड ऑफ’ पण ‘प्राइड इन’: ‘शी टेक्स प्राइड इन हर वर्क’. ‘फाँड ऑफ’ पण ‘फाँडनेस फॉर’. ‘कन्टेम्प्चुअस ऑफ’ पण ‘कन्टेम्प्ट फॉर’. आदर, तिरस्कार, सहानुभूती, कौतुक या चारही नामांना ‘फॉर’ लागतो: रिस्पेक्ट, कन्टेम्प्ट, सिम्पथी, ॲडमिरेशन. म्हणून विशेषण आणि नाम वहीत वेगवेगळ्या ओळींवर लिहा. एकावरून दुसऱ्याचा अंदाज बांधला की चूक होते.

‘टू’ नंतर कधी ‘चेंज’ आणि कधी ‘चेंजिंग’?

‘टू’पुढे एखादं नाम ठेवून बघा. ‘अपोज्ड टू द प्लॅन’ बसतं, म्हणून ‘अपोज्ड टू चेंजिंग’. ‘विलिंग टू द प्लॅन’ बसत नाही, म्हणून ‘विलिंग टू चेंज’. पहिल्या गटात अपोज्ड, कमिटेड, डेडिकेटेड, ऑब्जेक्ट, यूज्ड आणि अर्थातच ‘लुक फॉरवर्ड टू’. दुसऱ्यात विलिंग, रिलक्टंट, डिटरमिन्ड, इन्क्लाइन्ड. ‘कीन’ दोन्हीकडे जातो: ‘कीन ऑन लर्निंग’ आणि ‘कीन टू लर्न’. पहिल्यात आवड, दुसऱ्यात उत्सुकता.

आदर, विश्वास, संशय, मत यांना कोणती क्रियापदं लागतात?

आदर. ‘गिव्ह रिस्पेक्ट’ भारतात रुळलेलं आहे, पण इतरत्र ‘शो रिस्पेक्ट’ किंवा ‘ट्रीट विथ रिस्पेक्ट’ जास्त सहज. आदर मिळवायचा तर ‘अर्न’ किंवा ‘विन’. ‘कमांड’ आणि ‘डिमांड’ यांत गल्लत करू नका: ‘शी कमांड्स रिस्पेक्ट’ म्हणजे लोक आपणहून मान देतात, ‘शी डिमांड्स रिस्पेक्ट’ म्हणजे ती तो मागते. ‘पे युअर रिस्पेक्ट्स’ हे अनेकवचन वेगळंच, भेटीला किंवा अंत्यदर्शनाला जाण्याचं. विशेषणांत ‘ग्रजिंग रिस्पेक्ट’ म्हणजे नाइलाजाने, ओठ चावत दिलेला मान. ‘अ हेल्दी रिस्पेक्ट फॉर’ समुद्राला, विजेला, शत्रूला लागतं आणि त्यात भीती मिसळलेली असते. सासूबाईंबद्दल लिहिताना जपून.

विश्वास. ‘विश्वास ठेव’चं ‘कीप ट्रस्ट’ होत नाही. ‘पुट’ किंवा ‘प्लेस युअर ट्रस्ट इन’. ‘कीप फेथ विद’ असं आहे, पण त्याचा अर्थ दिलेल्या शब्दाला किंवा जुन्या निष्ठेला जागणं. ‘आय बिलीव्ह यू’ म्हणजे तू सांगतोस ते खरं आहे. ‘आय बिलीव्ह इन यू’ म्हणजे तुझ्या कुवतीवर माझा भरवसा आहे. हरवलेल्या पाकिटाची तक्रार ऐकून घेताना दुसरं वाक्य म्हटलं तर समोरचा गोंधळेल.

संशय. इथे अर्थ थेट उलटतो, म्हणून थोडं थांबा. ‘मला शंका आहे की त्यानेच पैसे घेतले’ म्हणजे आपल्याला वाटतं, त्यानेच घेतले. इंग्रजीत ‘आय डाउट दॅट ही टुक द मनी’ म्हणजे त्याने घेतले असतील असं मला वाटत नाही. आपल्या वाक्याला ‘आय सस्पेक्ट दॅट ही टुक द मनी’ हवं. चौकशी अहवालात ही चूक झाली तर निर्दोष माणूस आरोपी ठरू शकतो, किंवा उलटंही. वर्गातलं ‘सर, आय हॅव अ डाउट’ भारताबाहेर ‘तुमचं म्हणणं मला पटत नाही’ असं ऐकू येतं. शंका विचारायची असेल तर ‘आय हॅव अ क्वेश्चन’. ‘डाउट’बरोबर ‘ऑन’ फक्त ‘कास्ट डाउट ऑन’मध्ये सहज येतो, एरवी ‘हॅव डाउट्स अबाउट’. शंका ग्रेव्ह, सीरियस, नॅगिंग किंवा लिंगरिंग असतात.

मत. मत ‘बनवणं’ म्हणजे ‘मेक’ नव्हे, ‘फॉर्म ॲन ओपिनियन’. मांडणं म्हणजे ‘पुट’ नव्हे, ‘एक्स्प्रेस’ किंवा ‘व्हॉइस’. बाळगणं म्हणजे ‘होल्ड’, आणि मग ‘होल्ड स्ट्राँग व्ह्यूज ऑन’. विचार बदलला तर ‘चेंज माय माइंड’, मनाशी ठरवलं तर ‘मेक अप माय माइंड’.

राग, अढी, डूख. डूख धरण्याला ‘बेअर’, ‘होल्ड’, ‘हार्बर’ किंवा ‘नर्स अ ग्रज अगेन्स्ट’. ‘नर्स’मध्ये तो जपून, गोंजारून वाढवणं आहे. बोलणं मनाला लागणं म्हणजे ‘टेक ऑफेन्स ॲट’, मनावर घेणं म्हणजे ‘टेक इट पर्सनली’, तोल जाणं म्हणजे ‘लूज युअर टेम्पर’.

‘ॲकॉर्डिंग टू मी’ चूक आहे का?

हो, टाळा. ‘ॲकॉर्डिंग टू’ दुसऱ्याच्या म्हणण्याचा हवाला देताना येतं: वर्तमानपत्र, तज्ज्ञ, नियमपुस्तिका. स्वतःसाठी ‘इन माय ओपिनियन’ किंवा सरळ ‘आय थिंक’. ‘इन माय पॉइंट ऑफ व्ह्यू’ही नको, ‘फ्रॉम माय पॉइंट ऑफ व्ह्यू’ असतं.

स्थळाच्या जाहिरातीतलं ‘होमली’, ‘सिंपल’, ‘ॲडजस्टिंग नेचर’ परदेशातल्या स्थळाला कसं वाटतं?

यातले निम्मे शब्द तिकडे वेगळाच अर्थ घेऊन पोहोचतात. ‘होमली’ अमेरिकेत म्हणजे दिसायला बेतास बात. ब्रिटनमध्ये तो घराला, खानावळीला लागतो आणि तिथे चांगला आहे. ‘घर सांभाळणारी’ म्हणायचं असेल तर ‘फॅमिली-ओरिएंटेड’.

‘ही इज सिंपल’ एकट्याने वापरलं तर बुद्धीने कमी असा अर्थ निघू शकतो. ‘साधा’साठी ‘डाउन-टू-अर्थ’ किंवा ‘अनअझ्यूमिंग’. राहणीचा साधेपणा असेल तर ‘अ मॅन ऑफ सिंपल टेस्ट्स’. ‘बोल्ड’ आपण मुलीला नाक मुरडत लावतो. इंग्रजीत तो धाडसी निर्णयाला, रंगाला लागतो. आयर्लंडमध्ये खोडकर पोराला.

‘नेचर’ हा सगळ्यात मोठा खड्डा, कारण ‘स्वभाव’ला आपल्याकडे तोच शब्द ठरलेला. ‘हेल्पिंग नेचर’ म्हणजे ‘हेल्पफुल’. ‘ॲडजस्टिंग नेचर’ म्हणजे ‘इझी-गोइंग’ किंवा ‘अकोमोडेटिंग’. ‘जॉली नेचर’ म्हणजे ‘चिअरफुल’. ‘हिज नेचर इज अँग्री’ म्हणजे ‘ही हॅज अ शॉर्ट टेम्पर’. ‘स्पोर्टिव्ह’ म्हणजे ‘अ गुड स्पोर्ट’. दोन शब्दांच्या जागी बहुतेकदा एकच विशेषण पुरतं, आणि ते जास्त नैसर्गिक असतं.

हे सगळं भारतीय इंग्रजी आहे. ते चूक कसं?

पुण्यातून नाशिकला जाणाऱ्या ईमेलमध्ये ते चूक नाहीच. प्रश्न वाचक कोण आहे हा. भारतीय वाचकाला ‘हेल्पिंग नेचर’ बरोबर पोहोचतं. लीड्सच्या किंवा टोरांटोच्या परीक्षकाला, ग्राहकाला किंवा डॉक्टरला ते अडखळवतं. ‘डाउट’ आणि ‘होमली’ मात्र गैरसमज करून देतात, म्हणून तिथे सवलत घेऊ नका.

‘मोकळ्या मनाचा’ म्हणजे ‘ओपन-माइंडेड’च ना?

नाही. मोकळ्या मनाचा माणूस आत एक, बाहेर एक असं ठेवत नाही: ‘फ्रँक’, ‘ओपन’. ‘ओपन-माइंडेड’ माणूस नवा विचार ऐकून घ्यायला तयार असतो आणि तो अत्यंत अबोलही असू शकतो. मराठी ‘मन’ इंग्रजीत कधी ‘हार्ट’ होतं तर कधी ‘माइंड’. मोठ्या मनाचा म्हणजे ‘बिग-हार्टेड’, कोत्या मनाचा म्हणजे ‘स्मॉल-माइंडेड’, मनापासून पाठिंबा म्हणजे ‘होलहार्टेड सपोर्ट’, मनातलं बोलून टाकणं म्हणजे ‘स्पीक युअर माइंड’. ढोबळ फरक: प्रेम, माया, धैर्य ‘हार्ट’कडे, विचार, निर्णय, मत ‘माइंड’कडे. हे संयुक्त शब्द नामाआधी आले की मध्ये जोडरेषा द्यावी; ‘होलहार्टेड’ मात्र सलग लिहितात.

दोन शब्दांचा अर्थ एकच असताना एक कौतुक आणि दुसरा शिवी कसा होतो?

तत्त्वज्ञ बर्ट्रांड रसेल यांनी 1948 मध्ये बीबीसीच्या एका कार्यक्रमात हेच, क्रियापद चालवावं तसं, चालवून दाखवलं होतं: मी ‘फर्म’, तू ‘ऑब्स्टिनेट’, तो ‘पिग-हेडेड फूल’. वागणं तिघांचं एकच. बोलणारा त्याच्याकडे कसा पाहतो, तेवढं बदललं. अशा साखळ्या स्वतः करून पाहिल्या की शब्दांचं वजन कळतं: थ्रिफ्टी, टाइट-फिस्टेड, मायझर्ली. क्युरिअस, इन्क्विझिटिव्ह, नोझी. कॉन्फिडंट, कॉकी, ॲरोगंट.

काही शब्द स्वतः साधे असतात, पण नेहमीच्या संगतीमुळे त्यांना वास लागतो. ढवळ्याशेजारी बांधला पवळा, वाण नाही पण गुण लागला, तसं. ‘बेंट ऑन’ म्हणजे एखाद्या गोष्टीच्या मागे लागलेला. पण पुढे बहुधा रिव्हेंज, डिस्ट्रक्शन असं येत असल्यामुळे ‘बेंट ऑन हेल्पिंग द पुअर’ वाचताना उपरोध वाटतो. त्या जागी ‘डिटरमिन्ड टू’ ठीक. ‘अटर्ली’ही वाईटाकडे झुकतं: रिडिक्युलस, इंडिफरंट, रूथलेस.

मराठी वाक्प्रचार तसाच उतरवला तर?

कधीकधी नशिबाने जुळतो. नाक मुरडणं म्हणजे ‘टर्न युअर नोझ अप ॲट’, दोन्हीकडे नाकच. पण कानाडोळा करताना इंग्रजीत कान गळतो: ‘टर्न अ ब्लाइंड आय टू’. कान हवाच असेल तर ‘टर्न अ डेफ इअर टू’, तो विनंती-तक्रार ऐकून न ऐकल्यासारखं करण्याला. गृहीत धरणं म्हणजे ‘टेक फॉर ग्रँटेड’. पुढे पूर्ण वाक्य आलं तर ‘टेक इट फॉर ग्रँटेड दॅट’. भाव खाणाऱ्यासाठी ‘गिव्ह वनसेल्फ एअर्स’ किंवा ‘पुट ऑन एअर्स’.

इंग्रज माणूस ‘नॉट पर्टिक्युलरली कीन’ म्हणाला. म्हणजे थोडा तरी उत्सुक आहे?

नाही म्हणतोय तो. ‘नॉट एक्झॅक्टली थ्रिल्ड’, ‘नॉट ओव्हरली एन्थ्युझिॲस्टिक’, ‘नॉट ऑल्टुगेदर कन्व्हिन्स्ड’ हे सगळे सभ्य नकार. ब्रिटिश कार्यालयात ‘आय हॅव अ फ्यू रिझर्व्हेशन्स’ आलं तर प्रस्ताव बहुधा परत लिहावा लागणार. अमेरिकन सहकारी हेच बरंच थेट सांगेल.

आणखी थोडे फरक: ‘मॅड ॲट’ अमेरिकेत रागावलेला; ब्रिटनमध्ये नुसतं ‘मॅड’ म्हणजे वेडा; ‘मॅड अबाउट’ दोन्हीकडे एखाद्या गोष्टीचं वेड असलेला. फिकीर नाही म्हणताना ब्रिटिश ‘कुडन्ट केअर लेस’; अमेरिकेत बरेचजण त्यातला नकार गाळून ‘कुड केअर लेस’ म्हणतात, अर्थ तोच.

आयईएलटीएस किंवा मुलाखतीत याचे गुण मिळतात का?

आयईएलटीएस या इंग्रजीच्या परीक्षेत लेखन आणि संभाषण दोन्ही चाचण्यांत चार समान निकष असतात आणि त्यातला एक शब्दसंपत्तीचा, म्हणजे 25 टक्के. बँड 7च्या, म्हणजे 7 गुणांच्या पातळीच्या वर्णनात कोलोकेशनचा नावाने उल्लेख आहे. पण परीक्षक जोड्या मोजत बसत नाही. एका परिच्छेदात सहा भारी जोड्या कोंबल्या की पाठांतर उघडं पडतं. लेखनाच्या टास्क 2 मध्ये, म्हणजे निबंधात, मत विचारलेलं असतं, तिथे ‘स्ट्राँगली अपोज्ड टू’, ‘ब्रॉडली इन फेव्हर ऑफ’ अशा दोन-तीन नेमक्या जोड्या पुरतात. ‘ब्रॉडली’ विशेष उपयोगी, कारण त्यानंतर अपवाद सांगायला जागा राहते.

मुलाखतीत ‘हायली मोटिव्हेटेड’ आणि ‘पॉझिटिव्ह ॲटिट्यूड’ बरोबर आहेत, पण इतके झिजलेत की ऐकणाऱ्याच्या कानावरून जातात. ‘आय टेक क्रिटिसिझम वेल’, ‘आय यूज माय इनिशिएटिव्ह’ म्हणून लगेच एक प्रसंग सांगितला तर उपयोग होतो. ‘हार्ड वर्क एथिक’ नको, ‘स्ट्राँग वर्क एथिक’.

जोडी बरोबर आहे की नाही हे तपासायचं कसं?

आधी कोलोकेशनचा खास शब्दकोश. ऑक्सफर्डचा 2002 मध्ये आला, दुसरी आवृत्ती 2009 ची. विशेषण आणि नामाची जोडी असेल तर त्यात नाम शोधा, विशेषण नव्हे. ‘रिस्पेक्ट’ उघडलंत तर विशेषणं, क्रियापदं आणि प्रिपोझिशन एकाच ठिकाणी मिळतात.

मग कॉर्पस, म्हणजे खऱ्या लिखाणाचा आणि बोलण्याचा साठा. ब्रिटिश नॅशनल कॉर्पसमध्ये 10 कोटी शब्द आहेत, 90 टक्के लिखित, मुख्यतः 1990च्या आसपासचे. अमेरिकन इंग्रजीचा ‘कोका’ नावाचा कॉर्पस सुमारे 100 कोटींचा, 1990 ते 2019 मधला. दोन्ही इंग्लिश-कॉर्पोरा डॉट ऑर्गवर नोंदणी करून मर्यादित प्रमाणात मोफत पाहता येतात. ‘कोलोकेट्स’ निवडा, शब्द टाका, ‘ॲटिट्यूड’आधीची विशेषणं हवी असतील तर डावीकडे 1 आणि उजवीकडे 0 ठेवा. क्रियापद शोधताना दोन्हीकडे 4 ठेवा, कारण मध्ये इतर शब्द येतात.

निकालात दोन आकडे पाहा: जोडी किती वेळा आली आणि एमआय गुण, म्हणजे दोन शब्द योगायोगाने आले असते त्यापेक्षा किती जास्त एकत्र येतात याचं माप. एमआय 3 च्या वर असेल तर जोडी योगायोगाची नाही असं साधारण मानतात. पण नुसत्या एमआयवर विसंबू नका. एखादा दुर्मीळ शब्द दोनदाच आला तरी त्याचा एमआय फुगतो. शेवटी चार-पाच मूळ वाक्यं वाचा: बोलणारा कौतुक करतोय की टीका, हे आकड्यांत दिसत नाही.

गुगलवर अवतरणचिन्हांत जोडी टाकून निकालांची संख्या पाहणं ही घाईची युक्ती. ती संख्या अंदाजे असते आणि त्यात आपल्यासारख्यांनी केलेल्या चुकाही मोजल्या जातात.

वही कशी ठेवावी? नुसती यादी लक्षात राहत नाही.

एका शब्दाला एक ओळ न देता चार खण द्या: आधी येणारा शब्द, मूळ शब्द, नंतरचं प्रिपोझिशन आणि एक पूर्ण वाक्य. उदाहरणार्थ: ‘बेअर’, ‘ग्रज’, ‘अगेन्स्ट’ आणि चौथ्या खणात ‘शी स्टिल बेअर्स अ ग्रज अगेन्स्ट हर कझिन’. मराठी अर्थ वाक्याला द्या, सुट्या शब्दांना नको; ‘बेअर’समोर ‘सहन करणे’ लिहिलं की पुढच्या वेळी ‘सफर अ ग्रज’ तयार होतं. उजळणी करताना मूळ शब्दाचा खण उघडा ठेवून बाकीचे तीन झाका. आठवड्याला दहापेक्षा जास्त ओळी वाढवू नका, आणि जी जोडी महिनाभरात एकदाही वाचनात भेटली नाही, ती खोडून टाका.